भूक नव्हती म्हणे

हॉस्पिटलचं ताट भरलेलंच परत निघालं होतं. खिचडी घट्ट गोळा झालेली, दह्याच्या डबीचं झाकणही तसंच.

"बाबा, जेवला नाहीत?"

"भूक नव्हती गं."

खुब्याच्या ऑपरेशनला आज १९ दिवस झाले. आम्ही घरी निष्कर्ष काढून मोकळे: सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री-अपरात्री फिरलेली इंदुरी जीभ, तिला ही फिकी खिचडी कशी उतरणार!

ताट उचलणाऱ्या मावशी थांबल्या. "दीदी, बाबूजी का हाथ टेबल तक जाता ही नहीं।"

खरंच की. टेबल पार पायाशी, मधे सलाइनचा स्टँड, आणि सुई उजव्या हातात. दह्याची ती डबी डाव्या हाताने उघडून बघा एकदा. मी बघितली. नाही जमलं.

डाएटिशियनबाईंनी वजनाच्या किलोमागे निदान १.२ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. बाबा ६० किलोचे, म्हणजे ७२ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६. घरी पनीर, मुगाचं धिरडं, सातूचं पीठ, सगळे हिशेब झाले. टेबल ओढायचं मात्र माझ्यासकट कुणाला सुचलं नाही.

पलंगाची पाठ वर केली, टेबल छातीशी आणलं. अर्धी वाटी दही तिथल्या तिथे संपलं.

"कुणाला हाक का नाही मारली?"

"कितीदा मारायची? कामं असतात त्यांना." मग हळूच, "उद्याच्या पोह्यांवर जीरावन मसाला चालेल का, विचार ना."

विचारते. पण तोवर त्या वॉर्डातल्या बाकीच्या टेबलांचं काय?