जबानी झाली, पुढे कोण उत्तर देणार?

७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. न्या. मादन आयोगाने साक्षीपुरावे घेऊन सगळं कागदावर आणलं, पोलिसांची कसूरसुद्धा. तरी १९८४ला भिवंडी पुन्हा जळली. 'सत्य बाहेर आलं की मनं सांधतात' हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाने घासूनपुसूनच घ्यावं.

यावर दाखला दिला जातो तो दक्षिण आफ्रिकेचा. तिथे वर्णभेदी राजवटीतले अत्याचार उजेडात आणायला १९९५च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग आला, एप्रिल १९९६मध्ये ईस्ट लंडन शहरात जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. जबान्या एकवीस हजारांवर. साक्षीदार स्वतःच्या भाषेत बोले, दुभाषा 'त्या म्हणतात' न म्हणता 'मी' म्हणूनच भाषांतर करी, शेजारी धीर द्यायला प्रशिक्षित माणूस बसे. पोलिसांनी केलेल्या नवऱ्याच्या खुनाबद्दल सांगताना नोमोंडे कलाटा यांनी हंबरडा फोडला, तो देशभर ऐकला गेला. त्यानंतर 'असलं काही घडलंच नाही' म्हणायची सोय उरली नाही. ही कमाई खरी आहे, मोठी आहे.

गाडी अडली ती पुढे. अत्याचार करणाऱ्याचा हेतू राजकीय असेल आणि त्याने सगळं खरं सांगितलं तरच माफी, अशी अट होती. ७,११२ अर्जांपैकी मंजूर झाले ८४९. माफी न मिळालेल्यांवर खटले भरणं हा सौद्याचा दुसरा भाग, आणि तोच बुडाला. कलाटा प्रकरणातल्या पोलिसांना १९९९ला माफी नाकारली, खटला मात्र उभा राहिला नाही. भरपाई सहा वर्षं दरवर्षी द्यावी ही शिफारस होती. २००३ला एकरकमी ३०,००० रँडवर बोळवण झाली. पीडितांनी आपला शब्द पाळला, सरकारने नाही.

आपल्या १९५२च्या चौकशी आयोग कायद्यात तर निष्कर्ष सरकारवर बंधनकारकच नाहीत. सहा महिन्यांत अहवाल आणि कार्यवाहीचं टिपण विधिमंडळात ठेवायचं, एवढंच. म्हणून अहवालाआधी टिपण वाचावं: 'मान्य'पुढे कोणावर, काय कारवाई, कधी.

भिवंडीत फरक पडला तो १९८४नंतर, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या मोहल्ला कमिट्यांनी. दोन्हीकडचे शेजारी आणि बीटवरचा पोलीस एका सतरंजीवर, तेही दंगल नसताना. डिसेंबर १९९२ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

जुन्या दंगलीच्या आठवणी कुणी नोंदवणार असेल, तर जबानी सांगणाऱ्याच्याच बोलीत लिहावी, त्याला वाचून दाखवावी, प्रत द्यावी आणि तिच्यावरच पाठपुरावा करणाऱ्याचं नाव, पुढची तारीख घालावी. ते नाव मिळत नसेल तर जखम उघडायला सांगू नये.