चालणारं मूल, पाठीवरचं कॅरिअर आणि सातारा: सज्जनगड, ठोसेघर, कास

मूल तीन वर्षांचं झालं, पळायला लागलं, की त्याला अंगावर बांधून न्यायचं कॅरिअर माळ्यावर टाकायचं असं आपल्याकडे धरून चालतात. माझं मत उलट आहे. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन कुठेही जाता येतं. खरी पंचाईत होते ती साडेतीन वर्षांच्या मुलाची, जे अर्धा गड उड्या मारत चढतं आणि मग पायरीवर बसकण मारून दोन्ही हात वर करतं. आमची चिऊ याच वयाची, वजन १४ किलोच्या आसपास. सप्टेंबरअखेरीस तिला घेऊन आम्ही साताऱ्यात राहिलो आणि सज्जनगड, ठोसेघर, कास केलं. सोबत सासूबाई होत्या. गाडीच्या डिकीत स्ट्रोलर नव्हता, कापडी कॅरिअर होतं. तेच का, ते सज्जनगडाच्या पायऱ्या बघितल्या की कळतं.

आधी कॅरिअरबद्दल. बाळासाठी घेतलेलं या वयाला पुरत नाही. बैठकीचं कापड मुलाच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणजे मांड्यांना आधार मिळतो आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा जरा वर राहतात. कापड अरुंद असलं की मूल लोंबकळतं आणि सगळा ओढा आपल्या खांद्यांवर येतो. पाठीचं कापड निदान मुलाच्या काखेपर्यंत हवं, हात बाहेर राहिले तरी चालतात. टॉडलर मापाच्या बऱ्याच कॅरिअरवर २० किलोपर्यंतची मर्यादा छापलेली असते, पण आपल्या कॅरिअरवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. शक्य असेल तर ओळखीतल्या कुणाकडून मागून घ्या, मूल बसवून घरात तासभर वावरून बघा आणि मगच विकत घ्या.

एवढ्या मोठ्या मुलाला पुढे बांधू नका. पुढे बांधलं की आपली पावलं आपल्यालाच दिसत नाहीत, आणि गडाच्या पायरीवर तेच सगळ्यात धोक्याचं. आम्ही असं करतो: कमरेचा पट्टा आधी कटीच्या हाडांवर घट्ट आवळायचा, कारण भार खांद्यांनी नाही, कमरेनं पेलायचा असतो. मग चिऊ एखाद्या कट्ट्यावर उभी राहते आणि माझ्या पाठीला बिलगते. मी थोडी वाकते, नवरा मागून कापड तिच्या पाठीवर ओढतो, मी खांद्याचे पट्टे चढवते. शेवटी छातीवरचा आडवा पट्टा, तो काखेच्या पातळीला. प्रत्येक बक्कल लागल्याचा ‘टक’ आवाज ऐकल्याशिवाय मागचा माणूस हात सोडत नाही. ही सवय घरी, पलंगाशेजारी उभं राहून करावी.

सज्जनगड साताऱ्याहून १५ किलोमीटरच्या आसपास. गाडी वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. सुरुवातीला चिऊ स्वतःच्या पायांनीच चढली, आणि तेच बरोबर आहे. कॅरिअर तोवर माझ्या कमरेला पट्ट्याने अडकवलेलं, कापड खाली गुंडाळलेलं. मुलाला दिवसभर पाठीवर वाहायचं नसतं. ते मनसोक्त चालावं आणि दमल्यावर कुणाची चिडचिड होऊ नये, यासाठी ते जवळ ठेवायचं. पहिल्या दरवाजाच्या अलीकडे तिने हात वर केले. कट्टा होताच.

तिथे विसाव्याला बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “अगं बाई, चालती की ती! एवढी थोरली पोर कशाला पाठीवर?”

चिऊनेच उत्तर दिलं, “मी चढले आजी. आता दमले.”

“मग बस बाई, बस. आमी बी पोरं पाठीला बांधूनच भांगलत हुतो.” आणि त्यांनी उठून, कुणी न सांगता, तिचा दुमडलेला फ्रॉक कापडाखालून सरळ करून दिला.

समर्थ रामदासांनी १६८२ मध्ये देह ठेवला तो याच गडावर, त्यामुळे इथे गर्दी भाविकांची असते आणि समाधीच्या दर्शनाला रांग असते. रांगेत पाठीवरचं मूल फार सोयीचं. ते धक्क्यांच्या वर राहतं, आणि आपले दोन्ही हात मोकळे राहिल्यामुळे सासूबाईंना आधार देता आला. दर्शनानंतर तिला उतरवलं. तासाभराने तरी मुलाला खाली घेऊन पाय झाडायला लावावेत, नाहीतर मुंग्या येतात. मग दुपारच्या महाप्रसादाच्या पंगतीत ती मांडी घालून बसली आणि गव्हाची खीर दोनदा मागून घेतली. तटावरून खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसतं. तिथे मात्र मूल एकतर हाताला किंवा पाठीवर, मोकळं नाही.

इथल्या माकडांबद्दल कळकळीने सांगते. पाठीवरच्या मुलाच्या हातात बिस्किट, केळं, पेढा काहीही देऊ नका. माकड मागून येतं आणि ते आपल्याला दिसत नाही. शिवाय पाठीमागे खाताना मुलाला ठसका लागला, घास अडकला, तरी आपल्याला उशिरा कळतं. खाणं खाली उतरवूनच. साताऱ्याचे कंदी पेढे संध्याकाळी राजवाड्याजवळ निवांत खाऊ द्या.

ठोसेघरला धबधब्याचे तुषार लांबवर उडतात आणि उतरायच्या पायऱ्या ओल्या असतात. चांगल्या पकडीचे बूट नसतील तर मूल पाठीवर घेऊन उतरू नका. उतरताना छोटी पावलं, एक हात कठड्याला. गॅलरीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: आपल्या पाठीवरच्या मुलाचं डोकं आणि खांदे कठड्याच्या वर असतात. म्हणून कठड्याला पाठ टेकून फोटो काढायचा नाही, हातभर अंतर ठेवायचं. पाऊस आला तर मुलाचा रेनकोट त्याला आधी घालून मग पाठीवर घ्यावं. मुलाने पाय फाकवले की विजार वर सरकते आणि पोटऱ्या उघड्या पडतात, तेव्हा लांब मोजे हवेतच. त्यांचा पुढे कासच्या वाऱ्यातही उपयोग झाला.

कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आलं. फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग करून जावं, आणि मूल बरोबर असेल तर सकाळची वेळ आणि शनिवार-रविवार सोडून कुठलाही वार घ्यावा. यवतेश्वरचा घाट चढताना मूल कॅरिअरमध्ये बांधून गाडीत बसू नका. धडक झाली तर आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं. गाडीत त्याची वेगळी सीट आणि पट्टा. दुचाकीवर तर कॅरिअर अजिबात नको.

कासला मला एक गोष्ट नव्याने उमगली. इथली फुलं वितीएवढी, काही बोटाएवढीच. सीतेची आसवं तर गवतात निळा ठिपका दिसावा एवढी, आणि ती कीटकभक्षी वनस्पती आहे हे ऐकून चिऊचे डोळे मोठे झाले. पण पाठीवरून तिला दिसत होतं ते लांबचं: सोनकीचा पिवळा उतार आणि ढग. जवळचं दाखवायचं तर वाकून चालत नाही, कारण कमरेतून वाकलं की मुलाचा सगळा भार पुढे, आपल्या डोक्याकडे येतो. गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून उकिडवं बसायचं. आम्ही ठरलेल्या वाटेवर तिला उतरवलं, हात धरला आणि वाटेच्या कडेला बसून बघितलं. तेरड्यात पळायला ती निघालीच होती. तेव्हा तिला परत पाठीवर घेणं हा फुलांच्या दृष्टीनेही योग्य उपाय होता, इतक्या नाजूक जागेवर एक चप्पलसुद्धा पुष्कळ नुकसान करते. पठारावर शिरण्याआधी मुलाला शू करवून घ्या, आत लांबवर चालणं आहे.

परतताना ती पाठीवरच झोपली. मान एका बाजूला कलली की कॅरिअरची टोपी वर बांधायची, आणि चेहरा कापडात दबलेला नाही ना, हे बरोबरच्या माणसाला अधूनमधून बघायला सांगायचं.

कासहून पुढे बामणोलीला जाणार असाल तर शिवसागर जलाशयातल्या बोटीत चढण्यापूर्वी कॅरिअर सोडा. पाण्यात मूल आपल्याला बांधलेलं असणं फार धोक्याचं. त्याला त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट वेगळं हवं. नसेल तर बोट नको, काठावरून बघा. वासोटा किल्ला या वयाच्या मुलाला घेऊन करू नये, पाठीवर घेऊनही नाही. चढ लांब आहे, जंगल दाट आहे, आणि मध्येच मूल आजारी पडलं तर परत यायला पुन्हा बोटच गाठावी लागते. ज्यांना पाठीचं दुखणं आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी भार दुसऱ्याकडे द्यावा. आमच्याकडे उतरणीला नेहमी नवराच घेतो, कारण माझे गुडघे उतरताना कुरकुरतात. त्यासाठी पट्टे दोघांच्या मापाला पटकन सैल-घट्ट होणारं कॅरिअर बघून घ्या.