दोरोतेआचा हिशेब

रविवार, रात्री.

सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोटे’ या स्पॅनिश कादंबरीचा १६०५ साली आलेला पहिला भाग पुन्हा वाचते आहे, पण आज अठ्ठाविसाव्या प्रकरणातच अडकून पडले. सिएरा मोरेनाच्या डोंगरात ओढ्याकाठी एक शेतकऱ्याचा पोर पाय धूत बसलेला असतो. टोपी काढताच त्याचे लांब केस मोकळे सुटतात आणि ती दोरोतेआ निघते. पूर्वी मी ही फसवल्या गेलेल्या मुलीची करुण कहाणी म्हणून वाचली होती. या वेळी मात्र ती स्वतःची ओळख कशी करून देते, तिकडे लक्ष गेले.

तिचे आईवडील अँडलुसियातल्या एका ड्यूकच्या मुलखातले शेतकरी, कुळाने साधे, पण ‘जुने ख्रिस्ती’, म्हणजे वंशात ज्यू किंवा मूर (स्पेनमधले मुसलमान) पूर्वज नसलेले. त्या काळच्या स्पेनमध्ये रक्ताचे हे सोवळे फाटक्या शेतकऱ्यालाही मिरवता येई. शिवाय यांच्याकडे पैसा इतका, की लोक त्यांना हळूहळू सरदारांच्या पंक्तीला बसवू लागले होते. आणि तो सगळा कारभार दोरोतेआच्या हाती होता: गडीमाणसे ठेवणे-काढणे, पेरले किती आणि घरात आले किती याचा हिशेब, तेलाचे घाणे, द्राक्षांचा रस काढण्याच्या जागा, गुरेढोरे, अगदी मधमाश्यांची पोळीसुद्धा. उरलेल्या वेळात सुई, चरखा, धार्मिक पुस्तके आणि कधी हार्प. इतके सांभाळणारी ही मुलगी पहाटे चर्चला जाताना मात्र चेहरा असा झाकून घेई, की पाऊल टाकण्यापुरतीच जमीन तिला दिसावी.

तरीही ड्यूकच्या धाकट्या मुलाने, डॉन फर्नांदोने, तिला पाहिलेच. घरची माणसे पैसे चारून वळवली आणि दासीला हाताशी धरून एका रात्री तो तिच्या खोलीत उतरला. खोलीतल्या मारियामातेच्या प्रतिमेला साक्षी ठेवून तो लग्नाचे वचन देतो, तेव्हा दोरोतेआ मनात जे बोलते ते मी आज तीनदा वाचले. लग्नाच्या वाटेने खालून वर गेलेली मी काही पहिली नव्हे, असे ती म्हणते. आणि नकार दिला तर हा बळजबरी करणार, मग माझा दोष नव्हता हे कोणाला पटवून देऊ? मग ती दासीलाही साक्षीला बोलावते. याला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दार बंद असताना हिशेबाची सवय असलेल्या बाईने मांडलेला तो हिशेब आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर तो कच्चाच होता, कारण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्येच धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांवाचून झालेली लग्ने रद्दबातल ठरवली होती. सकाळी जाताना फर्नांदो तिच्या बोटात अंगठी घालतो, आणि आपल्याला शाकुंतल आठवल्यावाचून राहत नाही. पण तिथे अंगठी हरवली होती आणि दुष्यंताला निदान शापाचे निमित्त होते. इथे अंगठी बोटातच आहे, फर्नांदोला सगळे लख्ख आठवते, आणि तरी तो लुसिंदा नावाच्या खानदानी मुलीशी लग्न लावायला निघून जातो.

पुढे छत्तिसाव्या प्रकरणात खानावळीत ती त्याच्या पायाशी बसून बोलते. मोठ्या घराण्यांत बाईचे रक्त मोजलेच जात नाही, मग माझ्या कुळाने तुझे काय बिघडणार, आणि खरी कुलीनता सद्गुणात असते, असा तिचा युक्तिवाद आहे. तो बिनतोड आहे. पण त्यात घाणे नाहीत, गुरे नाहीत, हिशेबाच्या वह्या नाहीत. उलट, बायको म्हणून नको असेन तर दासी म्हणून ठेव, असेही ती म्हणून जाते. हे वाक्य मला आजही सहन होत नाही.

फर्नांदो विरघळतो, खानावळीतले सगळे रडतात. डॉन किहोटेचा सेवक सांचोही रडतो. मधल्या काळात दोरोतेआने एका राणीचे सोंग घेतले होते आणि सांचोला ते खरे वाटले होते. नंतर तो स्वतःच कबूल करतो की आपण ज्या राणीकडून इनामाची आशा धरून होतो, ती ही शेतकऱ्याची मुलगी निघाली, म्हणून डोळे भरून आले. त्या गर्दीत मला त्याचेच रडणे खरे वाटले.