माहेराकडून निघालेली वारी

पंढरीला जाणाऱ्या बहुतेक पालख्या संतांच्या. ज्ञानोबांची, तुकोबांची, आमच्या शेगावच्या महाराजांची. कौंडण्यपूरची पालखी मात्र खुद्द रुक्मिणीमायची. तिच्या पादुका तिच्याच माहेरातून निघतात. १५९४ साली सदाराम महाराजांनी ही वारी सुरू केली, असं सांगतात. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठचं हे गाव म्हणजे भीष्मक राजाची राजधानी. अंबिकेच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला कृष्णानं इथूनच नेलं. (अमरावतीकर म्हणतील, आमच्या अंबादेवीच्या देवळातून! चालू द्या.)

म्हणजे देव आमचा जावई. ज्येष्ठाचं ऊन डोक्यावर, पेरणीचा घोर जिवाला, तरी गावोगावच्या बाया रस्ता झाडून रांगोळ्या काढतात, पादुकांची ओटी भरतात. "संभाळून जाजो वं माय," असं एकीनं पालखीला म्हटलं, तेही अगदी सासरी निघालेल्या पोरीला सांगावं तसं. माझ्यापुढं चालणाऱ्या आजींच्या पिशवीत रखुमाईसाठी हिरवं लुगडं होतं. विठोबाला काय नेता, विचारलं तर म्हणाल्या, "त्याले काय द्याचं? आपली पोरगी देल्ली नं!"

दिंडीतलं भजन रूपाच्या अभंगांनी सुरू होतं, आणि चालता चालता मूर्ती अंगाअंगानं उभी राहते. विटेवर समचरण, कानी मकरकुंडलं, गळ्यात कौस्तुभ आणि तुळशीमाळ. कटीवरचे हातही रिकामे नाहीत. एकात शंख, दुसऱ्यात कमळाचा देठ. मस्तकावरचा उंच भाग वारकरी शिवलिंग मानतात, त्यामुळं विष्णूच्या दारी शंकरालाही नमस्कार होतोच. यातलं गाभाऱ्यात फारसं दिसत नाही. पोशाख, मुकुट, हार आणि मागून रेटणारी रांग. हाती लागतात ते पाय. माझं विचाराल तर मूर्ती वाटेवरच नीट पाहून घ्यावी.

पंढरीत रखुमाईचं देऊळ वेगळं, विठोबाच्या मागच्या बाजूला. ती रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव आला, ही कथा सगळ्यांना ठाऊक. पण माहेरच्या माणसांसोबत ती ऐकली की आपण आपोआप लेकीच्या बाजूचे होतो. आमच्यातल्या बऱ्याच जणी आधी तिच्याकडंच गेल्या. तिचेही हात कमरेवर. झिजलेल्या पायांना वज्रलेप, म्हणजे झीज थांबवणारा लेप, करावा लागला, हे कुणीतरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाल्या, "एवढ्या लेकरायनं पाय धरले तं झिजनच नं बाप्पा." लुगडं पुजाऱ्याच्या हाती देताना त्यांनी दोनदा बजावलं, आजच नेसवा म्हणून. मग पदर खोचून जावयाच्या रांगेला लागल्या.