कॅलरींचा हिशेब आणि तीन आठवड्यांचा धीर
वजन उतरवायचे ठरवले तेव्हा दिवसाला १२०० कॅलरी हा सरसकट सांगितला जाणारा आकडा मी विचार न करता स्वीकारला आणि दहाव्या दिवशी थकव्यामुळे तो सोडून दिला. मग १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जोर सूत्राने स्वतःचा हिशेब मांडला. वय ४०, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७० किलो असलेल्या माझ्या शरीराला नुसत्या विश्रांतीतच सुमारे १३४० कॅलरी लागतात. बैठे काम आणि थोडे चालणे धरले की ही गरज १८५० च्या आसपास जाते. त्यातून ४०० वजा करून मी १४५० वर स्थिरावले.

सूत्रातून मिळतो तो अंदाज. खरे उत्तर वजनकाटा देतो, तेही सावकाश. मीठ, मासिक पाळी आणि ग्लायकोजेनसोबत (शरीराने साठवलेल्या साखरेसोबत) स्नायूंत साठणारे पाणी यांमुळे एका रात्रीत किलोभर फरक पडू शकतो, म्हणून रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि किमान तीन आठवडे कॅलरींचा आकडा बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. सरासरी आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल, तर आहार आणखी कमी करण्याचे कारणच उरत नाही. ६५ किलोवर आल्यावर मी पुन्हा हिशेब केला, तेव्हा विश्रांतीची गरज ५० कॅलरींनी घटलेली होती.