झॉफची पकड

सोमवार, रात्री

आज पुन्हा विश्वचषकातला ५ जुलै १९८२ चा इटली-ब्राझील सामना लावला. बार्सिलोनाचं सारिया मैदान. पाओलो रॉसीचे तीन गोल सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून ते सोडून थेट शेवटच्या दोन-तीन मिनिटांवर गेलो. इटली ३-२ ने पुढे, पण ब्राझीलला उपांत्य फेरीसाठी बरोबरीही पुरणार होती. एडरची फ्री किक डावीकडून आत येते, ऑस्कर सगळ्यांच्या वर उठतो आणि चेंडू डोक्याने खाली मारतो. अगदी गोलरेषेवर इटलीचा गोलकीपर दिनो झॉफ त्यावर झेप घेतो आणि चेंडू तिथेच जमिनीशी दाबून धरतो.

हे दृश्य थांबवून थांबवून बघण्यासारखं आहे. अशा वेळी बहुतेक गोलकीपर चेंडूला फक्त हात लावतात. रेषेवरून ढकललेला चेंडू दोन-तीन मीटरवर पडतो आणि तिथे पिवळ्या जर्सी टपलेल्याच असतात. झॉफने तो पकडला, आणि पकडल्यावर हलवला नाही. हा दुसरा भाग मला पहिल्याहून मोठा वाटतो. झेपेनंतर चेंडू छातीशी ओढून घेणं ही हातांची उपजत सवय. पण ओढताना शरीर किंचित मागे घरंगळलं तर चेंडू रेषेच्या आत जातो, किंवा गेल्यासारखा दिसतो. गोलरेषेवर कॅमेरे बसायला तेव्हा अजून कित्येक वर्षं होती. सगळा निर्णय पंच अब्राहम क्लाइन यांच्या नजरेवर. ब्राझीलचे खेळाडू गोल मागत होते आणि झॉफ चेंडू होता तिथेच धरून पडला होता. सहा दिवसांनी माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला ३-१ ने हरवून त्याने कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला. वय ४० पूर्ण.

ब्राझीलच्या त्या सामन्यात बाराव्या मिनिटाला सॉक्रेटिसने झॉफला जवळच्या खांबापाशी चकवलं होतं, हेही लिहून ठेवतो. कीपरला जवळचा खांब सोडल्याचं शल्य सगळ्यांत जास्त बोचतं, कारण ती जागा पूर्ण त्याचीच. ते मनात घेऊन पुढची ७७-७८ मिनिटं उभं राहायचं आणि मग ऑस्करचा तो हेडर.

मंगळवार

झॉफ उड्यांसाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. चेंडू येण्याआधी जागेवर पोहोचलेलं असायचं, हा त्याचा खेळ. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. एवढी जागा हातांनी झाकता येत नाही, उभं राहण्याच्या जागेने झाकता येते. चेंडू आणि गोलचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर राहायचं. पुढे यावं तसा मारणाऱ्याचा कोन आवळला जातो, पण डोक्यावरची जागा उघडी पडते. किक बसते त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर आणि वजन चवड्यांवर हवं. तेव्हा पाऊल हवेत असेल तर पुढची उडी कमी भरते.

१९७८ च्या विश्वचषकात त्याच्यावर झालेली टीका इथेच येऊन थांबते. हॉलंडच्या आरी हानने आणि ब्राझीलच्या नेलिन्यो आणि दिर्सेऊने लांबून मारलेले गोल. झॉफ तेव्हा ३६ चा. नजर गेली, वय झालं, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. लांबचा फटका सोपा असतो असं प्रेक्षकाला वाटतं, कारण कीपरला वेळ मिळतो. ३० मीटरवरून जोरात मारलेला चेंडू साधारण सेकंदभरात पोहोचतो. ११ मीटरवरच्या पेनल्टीला साधारण ०.४ सेकंद लागतात. पण लांबच्या चेंडूत फिरत हवेत मार्ग बदलायलाही तेवढीच सवड असते. कीपरचं पहिलं पाऊल चुकीच्या बाजूला पडलं की उरलेला सगळा वेळ ते दुरुस्त करण्यात जातो. नेलिन्योचा चेंडू आधी खांबाच्या बाहेर चालला होता आणि मग वळून आत आला. त्यात डोळ्यांचा दोष कुठला?

त्याने उत्तर दिलं ते पुढची चार वर्षं खेळून. तूरिनच्या युव्हेंटस क्लबच्या ११ हंगामांत लीगचा एकही सामना त्याने चुकवला नाही, सलग ३३०. इटलीसाठी ११२ सामने. १९७२ ते १९७४ या काळात राष्ट्रीय संघाकडून १,१४२ मिनिटं गोल खाल्ला नाही. तो क्रम हैतीच्या इमॅन्युएल सानोंने म्युनिकमध्ये मोडला. आणि हाच मुलगा १४ व्या वर्षी बुटका म्हणून युव्हेंटस आणि इंटर दोघांनी परत पाठवला होता. आजीने अंड्यांचा खुराक लावला, ही गोष्ट इटलीत घरोघरी सांगतात.

बुधवार

गोलकीपर प्रशिक्षक झाला की त्याच्यापाशी काय असतं आणि काय नसतं, याचा विचार दिवसभर डोक्यात होता.

असतं ते असं. मैदानावर दहा जणांच्या पाठी एकाच वेळी दिसतात त्या एकट्यालाच. दोन सेंटर बॅकमधली फट वाढते आहे, लेफ्ट बॅक पुढे गेला आणि परत आला नाही, मिडफिल्डर चेंडूकडे बघतोय पण त्याच्या मागून धावणाऱ्याकडे नाही, हे त्याला वर्षानुवर्षं दिसत आलेलं असतं. शिवाय कमी शब्दांत सांगायची सवय. आधी नाव, मग एक शब्द. फ्री किकला भिंत लावायला त्याच्याकडे चार-पाच सेकंद असतात. समोरून २० मीटरवर असेल तर चार-पाच जण, अगदी बाजूला असेल तर दोघे पुरतात. सर्वांत बाहेरचा माणूस जवळच्या खांबाच्या रेषेपेक्षा थोडा बाहेर उभा करायचा, कारण चेंडू वळवणारा नेमका त्याच्या कडेने मारतो.

नसतं तेही मोठं आहे. कीपरचा सराव वेगळा चालतो. मिडफिल्डरची दमछाक कितव्या मिनिटाला खेळ बिघडवते, पाठीवर माणूस घेऊन चेंडू कसा वळवायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं नसतं. त्यात झॉफच्या काळी आपल्याच खेळाडूने मागे दिलेला चेंडू हाताने उचलता यायचा. तो नियम १९९२ मध्ये बदलला. पायाने खेळ उभारण्याचं शिक्षण त्या पिढीच्या कीपरना मिळालंच नाही. म्हणून कीपर-प्रशिक्षकाला पहिली गरज लागते ती मैदानातून आलेल्या जाणत्या सहायकाची.

झॉफपाशी तो होता. १९८३ मध्ये खेळणं थांबवल्यावर त्याने आधी युव्हेंटसचे गोलकीपर घडवले, मग इटलीच्या ऑलिंपिक संघाला सेऊलची पात्रता मिळवून दिली आणि १९८८ मध्ये युव्हेंटसचा मुख्य प्रशिक्षक झाला. सोबत सहायक म्हणून गाएतानो शिरेआ. लिबेरो, म्हणजे बचावफळीच्या मागे राहून सगळं सावरणारा. वर्षानुवर्षं झॉफच्या पुढ्यात खेळलेला, दौऱ्यांवर त्याच्याच खोलीत राहिलेला आणि त्याच्याइतकाच अबोल.

३ सप्टेंबर १९८९. यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत पोलंडच्या गुर्निक झाब्झेशी गाठ होती, म्हणून त्यांचा खेळ बघायला शिरेआ पोलंडला गेला होता. परतीच्या वाटेवर मोटारीच्या अपघातात तो गेला. वय ३६.

रात्री उशिरा

पुढचं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

त्या हंगामात युव्हेंटसकडे त्यांच्या आधीच्या प्लातिनीच्या तोडीचा कोणीही नव्हता. गोलमध्ये ताकोनी, पुढे मेसिनाहून नुकताच आणलेला स्किलाची आणि तरुण कासिरागी, मध्ये मारोकी, गालिया, अलेइनिकोव्ह. कष्टाळू, प्रामाणिक संघ. २५ एप्रिल १९९० ला कोप्पा इटालियाच्या, म्हणजे इटलीतल्या क्लबांच्या कपाच्या, अंतिम फेरीचा परतीचा सामना सान सिरोवर, समोर प्रशिक्षक साक्कीचं मिलान, त्या वेळचे युरोपचे विजेते. तूरिनमध्ये ०-०. मिलानमध्ये गालियाचा एक गोल आणि मग तो धरून ठेवणं. १-० आणि कप. तीन आठवड्यांत यूएफा कपही आला: फिओरेन्तिनाला तूरिनमध्ये ३-१, आव्हेलिनो गावात झालेल्या परतीच्या सामन्यात ०-०. १९७७ मध्ये हाच कप झॉफने खेळाडू म्हणून जिंकला होता.

आणि या दोन कपांच्या हंगामात त्याला निरोप मिळाला. वरची माणसं बदलली होती, त्यांना मिलानसारखा झगमगता खेळ हवा होता. नवे प्रशिक्षक मायफ्रेदी आले. पुढच्या हंगामात युव्हेंटस सातवं आलं आणि युरोपातल्या स्पर्धांबाहेर राहिलं. मला याचा आजही राग येतो.

गुरुवार

रोमच्या लाझिओ क्लबबद्दल थोडंच. १९९० ते १९९४ प्रशिक्षक, मग क्लबचा अध्यक्ष, आणि जानेवारी १९९७ मध्ये प्रशिक्षक झेमान गेल्यावर परत बाकावर. कीपर प्रशिक्षक म्हणजे बचावाचाच खेळ, असं म्हणणाऱ्यांनी १९९२-९३ आणि १९९३-९४ बघावं. दोन्ही वर्षं इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल झॉफच्या सिन्योरीचे, पहिल्या वर्षी २६. गॅस्कॉइनसारखा वादळी माणूसही याच शांत माणसाच्या हाताखाली रमला.

(दोन्ही संघांचे प्रशिक्षक माजी गोलकीपर, असा सामना शोधत होतो. सापडला: ११ ऑगस्ट २०२०, युरोपा लीगची उपांत्यपूर्व फेरी, डुइसबुर्ग. सेविल्याचा लोपेतेगी, वुल्व्ह्जचा नुनो. पेनल्टी कीपर बोनोने अडवली, गोल ८८ व्या मिनिटाला, सेविल्या १-०.)

शनिवार

२ जुलै २०००, रॉटरडॅम. युरो २००० चा अंतिम सामना, झॉफ तेव्हा इटलीचा प्रशिक्षक. टाळत होतो, आज बसलोच.

स्पर्धेच्या तोंडावर नॉर्वेविरुद्ध पहिला कीपर बुफोनचा हात मोडला. राखीव कीपर तोल्दो आत आला. ॲम्स्टरडॅमच्या उपांत्य सामन्यात ३४ व्या मिनिटाला झाम्ब्रोताला लाल कार्ड. हॉलंडला दोन पेनल्टी. एक तोल्दोने अडवली, दुसरी क्लुइव्हर्टने खांबावर मारली. दहा जणांनी पुढची सगळी वेळ काढली ती मधली जागा बंद करून. चेंडू बाजूला जाऊ द्या, तिथून क्रॉस येऊ द्या. वर नेस्ता, कान्नावारो आणि १.९६ मीटरचा तोल्दो आहेत. कीपरने आखलेला बचाव असाच असतो: जिथून गोल होणं अवघड, तिकडे चेंडू ढकलायचा. शूटआउटमध्ये तोल्दोने आणखी दोन अडवल्या आणि इटली ३-१.

अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध ५५ व्या मिनिटाला देलवेकियोचा गोल. त्यानंतर देल पिएरोपुढे दोन मोकळ्या संधी, दोन्ही वाया. ८६ व्या मिनिटाला झॉफने तिसरा आणि शेवटचा बदल केला: देलवेकियो बाहेर, मोन्तेला आत. सामन्यात काही चुकलं असेल तर ते इथे, असं माझं मत. देलवेकियो १.८६ मीटरचा, मोन्तेला १.७२ चा. शेवटच्या पाच मिनिटांत मागे पडलेला संघ उंच लांब चेंडू टाकणार हे ठरलेलं. अशा वेळी पुढचा उंच माणूस मागे येऊन डोकं लावतो. दमलेला असला तरी तो तिथे हवा होता.

इंज्युरी टाइम संपत आला असताना बार्थेझची लांब फ्री किक आली. हवेत झटापट, कान्नावारोच्या डोक्याला चेंडू नुसता घासून गेला, दूर गेला नाही. डावीकडे विल्तोर्द, खाली मारलेला तिरका फटका, तोल्दोच्या हाताखालून आत. इटलीचे राखीव खेळाडू उड्या मारायच्या तयारीत कडेला उभे होते. १०३ व्या मिनिटाला पिरेसच्या पासवर त्रेझेगे, गोल्डन गोल (जादा वेळेत पहिला गोल करेल तो जिंकला), संपलं.

दुसऱ्या दिवशी मिलानचे मालक आणि राजकारणी बेर्लुस्कोनींनी जाहीरपणे तोफ डागली की फ्रान्सच्या झिदानवर माणूस लावायला हवा होता, हे नवशिक्यालाही कळलं असतं. विल्तोर्दचा गोल मी आज आठ-दहा वेळा पाहिला. त्यात झिदानचा पाय कुठेच नाही. ४ जुलैला झॉफने राजीनामा दिला. काम करणाऱ्या माणसाचा असा चारचौघांत अपमान त्याला मान्य नव्हता. मला तो निर्णय बरोबर वाटतो. १९८२ मध्ये इटलीच्या संघाने पत्रकारांशी बोलणं बंद केलं होतं, तेव्हा सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम कर्णधार म्हणून याच अबोल माणसावर आलं होतं. त्याचं तोंड उघडलं की शब्द मोजूनच पडायचे. या वेळीही तसेच पडले.

रविवार

जानेवारी २००१ मध्ये लाझिओचे प्रशिक्षक एरिक्सन इंग्लंडच्या संघाकडे गेले, झॉफ परत लाझिओत आला आणि संघाला तिसऱ्या क्रमांकावर नेलं. पुढच्या हंगामाची सुरुवात बिघडली आणि महिन्याभरातच त्याला काढलं.

मग २००५, फिओरेन्तिना. जानेवारीत तो आला तेव्हा संघ तळाकडे घसरत होता, वय ६२. शेवटच्या दिवशी ब्रेशाला ३-० ने हरवलं. तरीही फिओरेन्तिना, पार्मा आणि बोलोन्या यांचे गुण सारखेच, ४२. आपापसातल्या सामन्यांचा हिशेब लावला तेव्हा फिओरेन्तिना वर निघाली. पार्मा आणि बोलोन्या यांना लीगमध्ये टिकण्यासाठी आणखी दोन सामने खेळावे लागले. हंगाम संपल्यावर झॉफ क्लब सोडून गेला आणि पुन्हा कुठल्याही बाकावर बसला नाही.

त्या काही महिन्यांतले सामने अजून पूर्ण बघायचे आहेत. उद्या ब्रेशाच्या सामन्यापासून सुरुवात.