किटणाच्या आधाराने उभे असलेले दात

खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस किटण साचणे ही नित्याची गोष्ट आहे, कारण लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच जिभेखाली उघडतात आणि लाळेतील क्षार दातांवरच्या जंतूंच्या थरात बसून घट्ट होतात. परंतु त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या साठी ओलांडलेल्या आजींचे पुढचे सहाही दात किटणाच्या एकाच सलग पट्ट्याने जोडले गेले होते. दोन दातांमधली फट कुठेही दिसत नव्हती आणि वर्षानुवर्षे लावलेल्या मशेरीने तो पट्टा काळाकुट्ट झाला होता. आईच्या तोंडाला वास येतो, एवढीच मुलाची तक्रार होती. आजींची स्वतःची काहीच तक्रार नव्हती, कारण भाकरी चावता येत होती.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी डेंटल हायजिनिस्ट म्हणून काम करते. बारावी विज्ञान शाखेतून केल्यावर दोन वर्षांची पदविका आणि मग राज्य दंत परिषदेकडे नोंदणी, असा हा मार्ग आहे. १९४८ च्या दंतवैद्यकविषयक कायद्याने दातांची सफाई व पॉलिश करणारी किंवा मौखिक स्वच्छतेचे मार्गदर्शन करणारी व्यक्ती, अशी आमची व्याख्या केली. निदान करणे, दात काढणे आमच्या कक्षेत येत नाही. आपल्याकडे बहुतेक दंतवैद्य ही सफाई स्वतःच उरकतात, त्यामुळे आमच्यासाठी जागा मोजक्या असतात आणि जिथे असतात तिथे रुग्ण आम्हाला नर्स समजतात.

आजींचा एक्स-रे मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. मधल्या चार दातांच्या मुळांभोवती जेमतेम एक तृतीयांश हाड उरले होते. किटण निघाले की हे दात हलणार, तेव्हा आधी आजींना आणि मुलाला हा एक्स-रे दाखवावा, असे मी सुचवले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही साफ करून घ्या, बाकीचं मी बघतो." बाहेर रूट कॅनालचे दोन रुग्ण थांबले होते. आमच्या डॉक्टरांच्या हाताला तोड नाही, पण बोलणे हा उपचाराचा भाग आहे असे त्यांना कधीच वाटत नाही.

सफाई म्हणजे यंत्र लावून दात खरवडणे, असा सर्वसाधारण समज आहे. अल्ट्रासॉनिक स्केलरचे टोक सेकंदाला २५,००० हून अधिक वेळा कंप पावते, आणि ते दातावर टोकाने न टेकवता कडेने, जवळपास समांतर फिरवावे लागते. टोक रुतले की मुळावर चरा पडतो. शिवाय एरवी आम्ही शेजारच्या दातावर बोट टेकवून हात स्थिर ठेवतो. इथे शेजारचा दातच भरवशाचा नव्हता, म्हणून मी मागच्या दाढेवर बोट टेकवले आणि पट्टा एका दमात न उडवता कडेकडून तुकड्यातुकड्याने काढला. हिरडीखालचे किटण काळे, कठीण आणि मुळाला चिकटलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही, क्युरेटच्या, म्हणजे हिरडीखाली खरवडण्याच्या हातातल्या अवजाराच्या, पात्याला लागणाऱ्या खरखरीवरून हाताला कळते. मूळ गुळगुळीत झाल्याचे हाताला जाणवते तो क्षण मला अजूनही फार आवडतो.

त्यानंतर दोन अवजारांच्या दांड्यांमध्ये एकेक दात धरून तपासला. मधले दोन दात केवळ मागेपुढे नव्हे, तर खालीही दबत होते. दात सैल होण्याची ही शेवटची पायरी. चूळ भरताना आजींनी जीभ फिरवली आणि त्या थांबल्या.

"पोरी, दात चांगलं व्हतं की गं माझं. तू हलवलंस."

मुलगा उठून उभा राहिला. आता मी एक्स-रे दाखवला आणि हाड झिजल्यामुळे दात आधीच सैल झाले होते, किटणाने त्यांना भिंतीला लावलेल्या टेकूसारखे धरून ठेवले होते, असे समजावले. पण दात हातात आल्यासारखे हलू लागल्यावर दिलेले हे स्पष्टीकरण कोणालाही सबबच वाटणार. डॉक्टरांनी आतून बारीक तार व कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे भरण्याचे साहित्य) लावून सहाही दात एकत्र बांधले आणि काम व्यवस्थित केले, हे मान्य करायला हवे.

मला छळणारा प्रश्न सफाई करावी की नाही हा नाही. ते किटण ठेवले असते तर त्याखाली जंतू आणि पू वाढत राहिले असते, हाड आणखी गेले असते आणि दात एके दिवशी भाकरीसोबत निघून आले असते. प्रश्न क्रमाचा आहे. दात साफ केले की हलतात, फटी पडतात, ही समजूत अडाणीपणाची आहे असे आम्ही विद्यार्थीदशेपासून ऐकत आलो. परंतु आजींनी स्वतःच्या जिभेने अनुभवलेली गोष्ट खोटी कशी म्हणायची? सूज उतरल्यावर हिरडी खाली जाते आणि फट उघडी पडते, हेही खरेच आहे. लोकांचे निरीक्षण बरोबर आणि कारण चुकीचे, आणि कारण सांगण्याची वेळ असते ती यंत्र हातात घेण्यापूर्वी. माझा हात डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतो, हे ठीक. पण मार्गदर्शन कायद्यानेच माझ्या कामात घातले आहे, मग त्यासाठी मला परवानगी का मागावी लागते, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

बांधलेल्या दातांपैकी मधले दोन पुढे काढावे लागले, बाकीचे टिकले आहेत. आजी तपासणीला ठरल्या वेळी येतात, मशेरी कमी केल्याचे सांगतात आणि बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या प्रत्येकाला, आपले दात याच दवाखान्यात हलवले गेले, हेही न चुकता सांगतात.